खाडी दिसते तोवर

फोन आला तेव्हा माझ्या हातात फडकं होतं. सकाळचे सात-सव्वासात. दादरच्या घरात उठल्या उठल्या मी आधी टीव्ही पुसते, मग शोकेस, मग खिडकीचे गज, आणि मगच चहा ठेवते. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली, घाण करायला घरात कुणी उरलं नाही, तरी पुसते. पलीकडून सुलभावहिनी बोलत होत्या. लालबागच्या चाळीत दादाच्या शेजारच्या खोलीत राहायच्या त्या. "शालूताई, तुम्ही जरा येता का इकडे... आत्ताच या. मोहनदादा गॅलरीत बसलेत, हाक मारली तर ओ देत नाहीत." मी म्हटलं, अहो, डोळा लागला असेल, हलवून बघा ना. त्या म्हणाल्या, "ताई, चष्म्यावर धूळ बसलीय हो. पुसली नाहीये त्यांनी." तेव्हाच मी समजले. अख्ख्या मुंबईची धूळ ज्याला हवी होती, त्या माझ्या भावाला चष्म्यावर मात्र तिचा एक कण चालायचा नाही.

मी पोचले तोवर जिन्यात माणसं जमली होती. दादा गॅलरीत स्टुलावर बसला होता, पाठ भिंतीला, तोंड पूर्वेला, हात मांडीवर. शेजारची चाळ महिनाभर पाडत होते. त्या सकाळीही यंत्र सुरूच होतं, आणि दादाच्या केसांवर, खांद्यांवर, सदऱ्याच्या खिशावर करडी पूड बसली होती. मला तेव्हा रडू यायला हवं होतं. मी काय केलं, तर पदराचं टोक घेतलं, त्याचा चष्मा काढला आणि दोन्ही काचा वाफ देऊन नीट पुसल्या. सुलभावहिनींनी हात धरला तेव्हा भानावर आले. कुणाला दिसावं म्हणून पुसत होते, कोण जाणे... त्याच्या पायाशी पाटावर एक कागद मांडलेला होता, त्यावर कबुतरं बसू नयेत म्हणून जाळी. त्या गडबडीत त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझं गेलं, पण मी मान फिरवली. तो कागद दादाला दुसऱ्यांदा मांडावा लागला होता, आणि तो माझ्यामुळे.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचे वडील गिरणीत रंगखात्यात होते. त्यांच्या नखांतली निळाई रविवारीसुद्धा जायची नाही, आणि आई म्हणायची की थोरल्याच्या हातात ती उतरलीय. दादानं लग्न केलं नाही. आयुष्यभर त्यानं पडदे रंगवले. गणपतीच्या देखाव्यामागे जो मोठा कापडी पडदा असतो ना, डोंगर, धबधबा, माडाची झाडं, कौलारू घर, तो. लालबाग, परळ, चिंचपोकळीत निम्म्या मंडळांमागे दादाचा डोंगर असायचा. आषाढात चाळीच्या चौकात कापड अंथरायचं आणि हा लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून, लांब काठीला बांधलेला ब्रश घेऊन त्यावर चालायचा. आईला त्याचा अभिमान होता, पण तिचं तोंड गप्प बसायचं नाही. "पोरा, आमच्या गावचो डोंगर मे म्हयन्यात असो हिरवो नसता रे," ती वरच्या कठड्यावरून ओरडायची. दादा खालून म्हणायचा, "आई, लोकांका हिरवोच व्हयो!" पुढे छापील फ्लेक्स आले, पडदे बंद झाले. दादा दुकानांच्या पाट्या रंगवू लागला, मग तेही थांबलं. तोवर आई होती. आई आणि ती गॅलरी, एवढंच त्याचं जग होतं.

त्या गॅलरीबद्दल सांगायला हवं. चौथा मजला, पूर्वेचं तोंड. आम्ही लहान असताना तिथून समोर गिरणीची चिमणी दिसायची, तिच्याखाली करवतीच्या दात्यांसारखी छपरं, आवारातलं तळं, तळ्याकाठी शिरीषाचं प्रचंड झाड आणि त्यावर संध्याकाळी उतरणारे बगळे. त्यापलीकडे कॉटन ग्रीनची गोदामं, आणि दोन गोदामांच्या मधून बोटभर खाडी. बोटभर म्हणजे खरोखर बोटभर. हात लांब करून करंगळी आडवी धरली की झाकली जायची. सकाळी सूर्य तिथून वर यायचा आणि ती करंगळी पांढरीशुभ्र चमकायची. आई घागर भरून आली की आधी तिकडे बघून नमस्कार करायची. सूर्याला की खाडीला, मी कधी विचारलं नाही.

आई गेली त्या वर्षी गिरणी पाडायला घेतली होती. दादा आणि मी तिचे दिवस करायला गावी गेलो, पंधरा दिवस. जाताना दादानं एक कोरा कागद डिंकाचं पातळ पाणी फिरवून गॅलरीत वाळत टाकला, उडू नये म्हणून त्यावर रंगाच्या बाटल्या ठेवल्या, आणि निघायच्या घाईत तो विसरला. परत आलो तर खोलीला कुलूप, गॅलरीत सगळीकडे धूळ, आणि कागद पार करडा झालेला. मी म्हटलं, फेकून दे रे. त्यानं एकेक बाटली उचलली. खाली लखलखीत पांढरे गोल. दादा किती तरी वेळ उकिडवा बसून ते गोल बघत राहिला. मग म्हणाला, "शाले, जन्मभर हिरवा मिसळत बसलो मी. हा रंग बघ, कुणी मिसळलासुद्धा नाही." मला वाटलं, आई गेल्याचा धक्का बसलाय बिचाऱ्याला.

पण तिथून सुरू झालं. रीत अशी. चाळीत येणाऱ्या लग्नपत्रिका तो जमवायचा, जाड आणि गुळगुळीत असतात म्हणून. त्यांतून गॅलरीतून दिसणारी एकेक गोष्ट कापायची. हे झाड, ही चिमणी, हे गोदाम. डिंकाच्या कागदावर ती कातरणं जागच्या जागी मांडायची, टाचणीनं टोचायची, वर जाळी घालायची आणि सोडून द्यायचं. दिवाळी झाली की कागद मांडायचा, पाऊस यायच्या आत उचलायचा. नियम एकच. जे उभं आहे ते झाकायचं, जे गेलं ते उघडं टाकायचं. एखादं झाड मधेच पाडलं तर त्याच दिवशी त्याचं कातरण उचलायचं, म्हणजे त्या जागेवर धूळ बसायला मोकळी. कातरणांच्या फटींतून धूळ शिरायची, ती आपोआप रेघ व्हायची. शेवटी कातरणं काढली की आहे ते पांढरं, गेलेलं काळं. मी विचारलं, आणि गिरणीच्या जागी आलेले टॉवर कुठे आहेत? "ते काळं दिसतंय ना, तेच टॉवर. वेगळे कशाला काढू?"

एवढं झाल्यावर शेवटचं काम फुंकणीचं. काटकोनात जोडलेल्या दोन पितळी नळ्या. एक लाखेच्या बाटलीत बुडवायची, दुसरी तोंडात धरून लांब, एकसारखं फुंकायचं. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा तुषार कागदावर बसतो आणि धूळ धरून ठेवतो. एकदा फुंकलं की मग बोट फिरवा, काही निघत नाही. न फुंकलेला कागद म्हणजे नुसती धूळ. वडिलांची जुनी विडीची पेटी होती, तिच्यात ती फुंकणी मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली असायची.

पहिल्या कागदावर जवळजवळ सगळं पांढरं होतं, फक्त चिमणीच्या जागी काळी पट्टी. दुसऱ्यावर छपरं गेली. तिसऱ्यावर तळं बुजवलं. चौथ्या वर्षी शिरीष पाडला. पाडायला तीन दिवस लागले आणि बगळे संध्याकाळी येऊन त्या जागेवर घिरट्या घालत राहिले, ते मी स्वतः पाहिलंय. असे नऊ कागद झाले. दादाला शेवटचा, दहावा करायचा होता. तोवर समोर फक्त खाडी उरली होती. दोन टॉवरांच्या मधून, तेवढीच करंगळीभर. पण त्या फटीतही नवा पाया खणला होता. "फट बंद व्हायच्या आत दहावा व्हायला पाहिजे," तो म्हणायचा. "एकदा बंद झाली की मी काय बघून करणार? आठवणीतलं काढायचं नाही मला. आठवणीतलं पडद्यांवर खूप काढलं." त्यात आमची चाळही पाडायची ठरली होती, सह्या झाल्या होत्या. त्यामुळे घाई दुहेरी होती.

या सगळ्यात माझं आणि त्याचं सतत भांडण. मी धुळीची वैरीण आणि तो धुळीचा भक्त. रविवारी मी डबा घेऊन जायची, तर पाय ठेवायला जागा नाही. "दादा, हे जाळं तरी काढू?" नको. "हा पंखा पुसू?" नको गो, हवा हलते. अरे, मग श्वास तरी घ्यायचा की तोही नको! एकदा मी रागाने म्हटलं की माझ्या दादरच्या घरी ये, बघ, बोट फिरवलं तर बोट पांढरं राहतं. तो हसला. "राहतं, कारण तू सारखी पुसतेस. आठ दिवस पुसू नको, मग मला बोलव." मी म्हटलं, तुझ्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही.

गिरगावात एका जुन्या हॉलमध्ये त्याच्या मित्रानं ते कागद एकदा मांडले होते. चांगले कपडे घालून लोक आले. एक बाई मैत्रिणीला म्हणाल्या, "काय सुरेख धुकं काढलंय ना!" दादा मागेच उभा होता. "बाई, धुकं नाही ते. सिमेंट आहे, थोडा डिझेलचा धूर आहे, आणि पाडलेल्या घरांचा चुना." त्या बाईंनी नकळत रुमाल नाकाला लावला. मग एक गृहस्थ आले, टॉवरच्या सोसायटीवर होते. त्यांना लॉबीत लावायला चित्र हवं होतं, पण जुनं हिरवं, झाड-तळं-बगळे असलेलं. "तुम्ही पूर्वी पडदे करायचात ना, तसं." दादानं त्यांना आदरानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि चौथा कागद दाखवला. "लॉबी नेमकी इथे येते साहेब, ह्या बुंध्याच्या जागेवर. हा लावा." ते गृहस्थ बघत राहिले आणि जरा वेळानं फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. येताना आम्ही दोघं टॅक्सीत खूप हसलो. हसता हसता दादाला जी ढास लागली ती भायखळ्यापर्यंत थांबेना. टॅक्सीवाल्यानं गाडी बाजूला घेतली. मी पाठ चोळत होते आणि त्याच्या बरगड्या हाताला एकेक लागत होत्या.

त्यानंतर ती ढास राहिलीच. डॉक्टरांनी सांगितलं, धुळीपासून लांब राहा. हे त्याला सांगणं म्हणजे... जाऊ दे. मी हातापाया पडले, दादरला चल, वरची खोली रिकामी आहे. "दहावा झाला की येतो." पहिल्या वर्षी दिवाळीला मांडलेला कागद होळीपर्यंत जेमतेम करडा व्हायचा. आता नाताळच्या आतच काळाकुट्ट. आजूबाजूला चार ठिकाणी पाडापाड, चार ठिकाणी खोदाई. चाळीतली म्हातारी माणसं एकेक करून खोकायला लागली होती. सकाळी नळाला पाणी यायच्या वेळी सगळ्या गॅलरीभर आधी खोकल्याचा आवाज यायचा, मग बादल्यांचा. दादा म्हणायचा, "हा बघ आपला कोंबडा." मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

आणि मग गेल्या वर्षीचे गणपती. आमचा दीड दिवसाचा गणपती तोवर लालबागच्या खोलीतच बसायचा. आई गेल्यापासून आदल्या रविवारी जाऊन खोली स्वच्छ करायची ती मीच. तेवढा एक दिवस दादा मला अडवायचा नाही. बाप्पा यायचेत म्हटल्यावर काय बोलणार? गॅलरीतलं आणि भिंतीवरचं तो स्वतः आधी आवरून माळ्यावर ठेवायचा, उरलेलं माझ्या ताब्यात. त्या रविवारी मी भांडी घासली, डबे धुतले, देव्हारा उजळला, मग स्टुलावर चढले आणि लोखंडी कपाटाचा माथा पुसायला घेतला. अंधारच असतो तिथे. वर एक प्लायवूडची फळी आडवी ठेवलेली हाताला लागली. कपाटावर फळ्या, खोकी असतातच. मी न बघता, हात उंच करून, ओल्या फडक्यानं तिच्यावरून हात फिरवला. एकदा, दोनदा, कोपऱ्यापर्यंत घासून. फडकं खाली घेतलं तर डांबरासारखं काळं! मला तर जिंकल्यासारखं झालं. मी ते दादासमोर नाचवलं. "हे बघ! हे बघ काय साठवून ठेवलंयस डोक्यावर!"

दादा मखराला कागद चिकटवत बसला होता. त्यानं फडक्याकडे पाहिलं, मग वर कपाटाकडे. उठला, स्टूल ओढलं, फळी खाली घेतली. तिच्यावर चिकटवलेला तो दहावा कागद होता. फटीतली खाडी सोडून सगळं काळं असलेला. पाऊस लागायच्या आदल्या आठवड्यात पूर्ण झालेला. आता त्यावर माझ्या हाताचे फराटे होते आणि ओलीचे डाग. मी म्हटलं, "पण दादा, हा... ह्यावर लाख नाही मारलीस?" तो म्हणाला, "राहून गेलं." मी रडायला लागले, तसं त्यानं ते फडकं माझ्या हातून घेतलं, पिळलं, बादलीत काळं पाणी पडताना बघितलं. "रडू नको गो शाले. एका फडक्यात सगळी मुंबई बुडवलीस. नुसती खाडीच ठेवलीस." आणि हसला. तो हसला म्हणून मी आणखीच रडले. "पुन्हा करू. धुळीला काय तोटा आहे?"

दिवाळीनंतर त्यानं पुन्हा कागद मांडला. त्यावर एकच कातरण, करंगळीएवढं. फटीतल्या इमारतीचे मजले आता एकेक करून वर येत होते. तळमजला, पहिला, दुसरा. दादा रोज पहाटे उठून गॅलरीत बसायचा, सूर्य वर येईपर्यंत, आज खाडी दिसते की नाही हे बघायला. तोंडाला बांधायला मी आणून दिलेली फडकी घडीची घडी पडून. "चष्म्यावर वाफ येते, दिसत नाही." संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले ती आमची शेवटची भेट. तो पलंगावर बसून फुंकणी मलमलीनं पुसत होता. आधीच्या मानानं निम्मा झाला होता. म्हणाला, "डबा उघडा ठेवू नको, तिळगूळ करकरतो दाताखाली." मग जरा वेळानं, खाली बघतच, "शाले, तुझा श्वास कसा आहे गो?" मी म्हटलं, श्वास कसा म्हणजे? आहे तसा आहे. "चार जिने चढलीस, धाप लागत नाही ना?" मी फणकारले, "सरळ सांग ना, जाडी झालेय म्हणून!" तो हसला, खोकला, आणि फुंकणी गुंडाळून पेटीत ठेवली. "राहू दे. सावकाश सांगतो." मला मेलीला तेव्हा काही समजलं नाही.

समजलं ते तेराव्याला. सगळे जेवून गेल्यावर सुलभावहिनी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "एक सांगू का ताई? मेमध्ये मी त्यांना बघितलं होतं. तो कागद पुढ्यात घेऊन ती नळी तोंडाला लावून बसले होते. तीनदा फुंकलं. थेंबसुद्धा वर चढेना. तिसऱ्या वेळी खाली बसले ते अर्धा तास उठले नाहीत. मला म्हणाले, शालूला सांगू नका, ती मला उचलून दादरला नेईल." म्हणजे राहून गेलं नव्हतं. श्वास उरला नव्हता. मी तिथेच विचारलं, मला त्या वेळी कुणाला तरी विचारायचंच होतं, "वहिनी, माझ्या फडक्यानं मारलं का हो त्याला? मी पुसलं नसतं तर हा थंडीभर धुळीत बसला नसता." त्या म्हणाल्या, "फडक्यानं कोण मरतं ताई?" चांगल्या आहेत स्वभावानं. पण माझं उत्तर मला मिळालेलं नाही आणि आता मिळेल असं वाटत नाही.

महिनाअखेर चाळ रिकामी करायची होती. त्याच्या दहा दिवस आधी मी एकटीच खोली आवरायला गेले. कागद गॅलरीत तसाच पाटावर, जाळीखाली. कातरण अजून टोचलेलं. मी घरून ठरवूनच निघाले होते, आज फुंकायचं. श्वास आहे मला, चार जिने चढते मी. ती करंगळीभर खाडी तरी पांढरी राखायची, एवढं तरी माझ्या हातून होऊ दे. टाचण्या काढल्या, नखानं कातरण उचललं. ते कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं होतं, मागे 'आपले आगमन' एवढीच अक्षरं उरली होती. खाली पांढरी पट्टी. इतकी पांढरी की डोळ्यांत पाणी आलं. मी लाखेची बाटली हलवली, फुंकणी तोंडाजवळ नेली, आणि सवयीनं समोर पाहिलं, खाडी ताडून बघायला.

फट नव्हती. सातवा की आठवा मजला चढला होता आणि त्यावर हिरवी जाळी. वाऱ्यानं जाळी फुगत होती, बस्स. दादानं ती बंद झालेली पाहिली की नाही, मला माहीत नाही. कातरण जागेवर होतं त्यावरून नसावी. पण मी पाहिली होती. जे उभं आहे ते झाकायचं, जे गेलं ते उघडं टाकायचं. मी त्या कागदावर वाकून म्हटलंसुद्धा, "दादा, एवढं एक राहू दे ना रे..." त्याची बाजू घेणारं तिथे कुणी नव्हतं, तरी मला हरल्यासारखं झालं. फुंकणी खाली ठेवली, जाळी परत घातली, आणि त्याच्या स्टुलावर बसले.

आठ दिवस मी रोज सकाळी गेले. नुसती बसायला. आयुष्यात पहिल्यांदा मी धूळ बसताना बघत बसले आणि पुसली नाही. पहिल्या दिवशी काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्याचा पिवळट झाला. मग राखाडी, कडेकडेनं आत सरकत. हात आपोआप पदराकडे जायचा, मी तो मांडीखाली दाबून ठेवायची. सुलभावहिनी सामान बांधता बांधता बघून जायच्या. आठव्या दिवशी कुठे पट्टी होती ते मलाही सांगता येईना. तेव्हा मी फुंकणी तोंडाला लावली. पितळ गार होतं आणि त्याला लाखेचा आणि त्याच्या तंबाखूचा वास होता. पहिल्या फुंकीला जेमतेम चार थेंब उडाले. दुसऱ्या वेळी तुषार बसला. अर्ध्या कागदावर आल्यावर माझाही श्वास संपला, खोकला आला, कठड्याला धरून उभी राहिले. मग पुन्हा घेतला, तिथलीच हवा, आणि उरलेला अर्धा पुरा केला. वाळल्यावर बोट फिरवून पाहिलं. काही निघालं नाही.

दहाही कागद आता माझ्याकडे दादरला आहेत, पलंगाखाली, चादरीत गुंडाळून. चाळ गेल्या आठवड्यात पाडायला घेतली. मी बघायला गेले नाही. फुंकणी तेवढी शोकेसच्या वरच्या, काचेच्या फळीवर ठेवलीय, येता-जाता दिसावी म्हणून. आज सकाळी शोकेस पुसायला घेताना आधी पितळ उजळावं म्हणून ती उचलली. खाली काचेवर तिचा आकार उमटला होता. काटकोनातल्या दोन नळ्या, स्वच्छ, आणि भोवती सगळीकडे करडं. खिडक्या बंदच असतात माझ्या. आणि ती फळी मी कालच पुसली होती.